कडूमामा आणि लाल फुलीचं मशीन

माझ्या बायकोचा धाकटा भाऊ कधी कुणाशी गोड बोलला असेल, तर ते माझ्या कानावर आलेलं नाही, आणि मी त्याला पंचेचाळीस वर्षं ओळखतो. माझ्या मुलांनी लहानपणीच त्याचं नाव कडूमामा ठेवलं. त्याला ते कळलं तेव्हा तो म्हणाला, "पोरं हुशार निघाली. आईवर गेली असणार." म्हणजे एका दमात बहिणीचं कौतुक आणि माझा निकाल. असा हा प्राणी.

त्याचा धंदा टू-स्ट्रोक स्कूटर दुरुस्तीचा. बाजाराच्या मागच्या गल्लीत पत्र्याची शेड, खाली तेल पिऊन पिऊन काळी झालेली जमीन, आणि समोरच्या भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती पांढऱ्या रंगाने काढलेली. एखादा पाना जागेवर नसला की भिंतच बोंब मारायची. चांगल्या दिवसांत सकाळी सातला तिथे आठ-आठ स्कूटरी उभ्या असत आणि त्यांचे मालक शाळेत उशिरा आलेल्या मुलांसारखे अंग चोरून बाजूला. कारण कडूमामा आधी माणूस तपासायचा, मग गाडी.

एकदा एक वकील स्कूटर ढकलत आला. कोट हातावर, घामाने निथळतोय. "सकाळपासून किका मारतोय हो, सुरूच होत नाही." कडूमामाने गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून पेट्रोलचा कॉक उघडला आणि एक किक मारली. गाडी सुरू. वकिलाने खिशात हात घातला. "पैसे नकोत," कडूमामा म्हणाला, "बसा." आणि वकिलाला स्टुलावर बसवून अर्धा तास सुनावलं. "तुमचे अशील आत का जातात, ते आज मला कळलं," हे त्यातलं सगळ्यात मऊ वाक्य. गंमत बघा, तो वकील पुढे जन्मभर त्याच्याकडेच आला. दुसरीकडे गेलो तर गाडी नीट होईल, पण माझी चूक कोण सांगणार, असं म्हणायचा.

स्वतःच्या लग्नात तर याने कहर केला होता. पाहुणे येत होते, बाहेर कुणाची तरी स्कूटर फुरफुरत उभी होती. नवरदेवाच्या कपाळावर आठी. दोन मिनिटं कसाबसा बसला, मग उठून बाहेर गेला आणि नव्या कोऱ्या कपड्यांत गाडीखाली आडवा झाला. सासरे धावत आले तर म्हणतो, "या आवाजात मी लग्न करणार नाही." फोटोत त्याच्या उजव्या बाहीवर तळहाताएवढा काळा डाग आहे. त्याची बायको तो फोटो पाहुण्यांना दाखवताना डागावर अंगठा ठेवायची.

मग दिवस पालटले. नव्या गाड्या आल्या, फोर-स्ट्रोक. धूर नाही, फटफट नाही. कडूमामा त्यांना मुक्या म्हशी म्हणायचा आणि हात लावायचा नाही. स्कूटरी एकेक करून भंगारात गेल्या. त्याच्या समोरच्या गल्लीत सकाळी मांजरं बसू लागली. तरी हा पठ्ठ्या रोज सातला शेड उघडणार, पाने पुसणार, भिंतीवर टांगणार आणि स्टुलावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याच्या चालीला नावं ठेवणार. हातही थरथरायला लागले होते. ते कुणी पाहिलं असं वाटलं की दोन्ही हात काखेत दाबून बसायचा आणि बोलणं आणखी तिखट व्हायचं.

तर मी सांगणार होतो ती गोष्ट या दिवसांतली. मी तेव्हा गावाबाहेरच्या पाणीपुरवठ्याच्या केंद्रावर पंप चालवायचो. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला माणूस, पण पंपाच्या आवाजावरून मी पाण्याची पातळी सांगायचो, ही बढाई नाही. केंद्रावर दोन मोठ्या टाक्या होत्या, अर्ध्या जमिनीत आणि अर्ध्या वर. वरच्या भागाला चारही बाजूंनी मातीचा उतार, आणि त्या उतारावर गवत. हे गवत वाढलं की त्यात साप येतात, बिळं पडतात, माती खचते. म्हणून ते सतत कापावं लागतं.

कापायला एक बाई होती. तिचा नवरा तिथला माळी. तो गेल्यावर तिने विळा उचलला आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाली. आम्ही सगळे तिला माळीणवहिनी म्हणायचो. कायम नोकरी नव्हती तिची. दर वर्षी केंद्राच्या साहेबांची सही झाली की पुढचं वर्ष चालू. घरात दोन मुली, दोघी शाळेत. गुडघे मात्र गेलेले. उतारावर बसून विळ्याने कापायचं म्हणजे एक गुडघा वर, एक खाली. पाच वर्षं तसं केल्यावर माणसाचे गुडघे कसे राहतील?

म्हणून साहेबांनी एक मशीन मागवलं. लांब दांडा, दांड्याच्या एका टोकाला गरगर फिरणारं पातं, दुसऱ्या टोकाला नारळाएवढं पेट्रोलचं इंजिन. पट्टा खांद्यावर टाकायचा, उभं राहायचं आणि गवत कापत चालायचं. इंजिन टू-स्ट्रोक. म्हणजे काय, तर त्यात तेल वेगळं भरायची सोय नसते. तेल पेट्रोलमध्येच मिसळून द्यायचं. ते पेट्रोलबरोबर जळतं आणि जाताजाता आतल्या भागांना वंगण देऊन जातं. एका लिटरला एक टोपण, बस्स.

कंपनीचा एक माणूस शिकवायला आला. टाय लावलेला, घाईत. वीस मिनिटांत सगळं उरकलं, त्यातली दहा चहात गेली. जाताना मोटारीच्या खिडकीतून बोट नाचवत म्हणाला, "तेल विसरलात की इंजिन मेलं! बाकी सगळं विसरा, तेल विसरू नका!" ते ऐकायला आम्ही तिघं उभे होतो. मी, माळीणवहिनी आणि स्टोअरबाबू. तिघांनीही ते इतकं मनावर घेतलं की पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

स्टोअरबाबूबद्दल सांगायलाच हवं. केंद्राचं सामान, पेट्रोल, किल्ल्या, सगळं त्याच्या ताब्यात. कंबरेला किल्ल्यांचा जुडगा, तो वाजला की बाबू येतोय हे कळायचं. माणूस प्रामाणिक, पण तोंड शिवलेलं. माहिती ही त्याच्या लेखी स्टोअरातली वस्तू होती. चिठ्ठीशिवाय बाहेर जायची नाही. "बाबू, आज किती तारीख?" असं विचारलं तरी आधी वर बघायचा, हा कशाला विचारतोय म्हणून.

मशीन सुरू झालं आणि माळीणवहिनीचा कायापालटच झाला. पदर खोचून, डोळ्याला जाड चष्मा लावून ती उतारावर उभी राहायची आणि मशीन डावीकडून उजवीकडे असं फिरवायची, की बघत राहावं. आठवड्याचं काम एका दिवसात. फक्त धूर फार. निळा, दाट, गोडसर वासाचा. मला तर तो धूर आवडायचा. पंपघरातले डास पळायचे. मशीन तगडं आहे, म्हणून धूर दणदणीत, असं मी चार जणांना समजावूनही सांगितलं. तेव्हा मला अक्कल कमी होती असं नाही, पण ती पंपापुरती होती.

सात-आठ महिने गेले. मशीन कुरकुरायला लागलं. सुरू व्हायचं, गुरगुरायचं, वेग वाढवला की मान टाकायचं. मग एक दिवस सुरूच होईना. स्टोअरबाबूने दोनदा प्लग बदलला. दोन्ही वेळा नवा प्लग दहा मिनिटांत काळाकुट्ट आणि ओला. तिसऱ्या वेळी त्याने लाल रंगाचा डबा काढला, ब्रश बुडवला आणि इंजिनावर ठसठशीत फुली मारली. केंद्रात लाल फुली म्हणजे भंगार. सोबत चिठ्ठी लिहिली, "इंजिन निकामी. कारण : वापरणाऱ्याचा निष्काळजीपणा." वापरणारी एकच होती.

चिठ्ठी साहेबांकडे गेली. साहेब वाईट नव्हते, पण त्यांच्या टेबलावर एका ठेकेदाराचा अर्ज पडलेला. त्याची स्वतःची माणसं, स्वतःची मशीन. साहेबांनी वहिनीला बोलावून सांगितलं, "सोमवारी अकरा वाजता मी उतार बघायला येतो. तुमच्याकडून कापून झाला नसेल, तर ठेकेदाराला हो म्हणावं लागेल." तो दिवस शुक्रवार. विळ्याने तो उतार दोन दिवसांत कापायचा तर पाच माणसं लागली असती.

शनिवारी दुपारी माझी पाळी संपली तेव्हा वहिनी पंपघराच्या दारात उभी. हातात ते लाल फुलीचं मशीन, भंगाराच्या ढिगातून उपसून आणलेलं.

"दादा, तुमचे मेहुणे म्हणे स्कूटरी दुरुस्त करायचे?"

"करायचा. पण वहिनी, तो माणूस फार वाईट बोलतो."

"बोलू दे. चिठ्ठीत लिहिलंय त्याच्यापेक्षा वाईट काय बोलणार?"

सायकलच्या कॅरियरला मशीन आडवं बांधलं आणि आम्ही दोघं चालत निघालो. रस्ताभर लोक बाजूला होत होते, कारण दांडा दोन्हीकडे हातहातभर बाहेर आलेला.

कडूमामा स्टुलावर होता. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग सायकलकडे, मग दोरीच्या गाठीकडे. "ही गाठ कुणी मारली? भावोजी, तुम्ही? एवढ्या गाठी मारल्यात, चोरून आणलंय का?"

मी सगळं सांगितलं. सोमवार, अकरा, उतार, ठेकेदार, चिठ्ठी. तो हात काखेत दाबून ऐकत होता. मग लाल फुलीकडे बोट केलं. "ही नक्षी कुणाची?"

"स्टोअरबाबूची. त्याने तपासून इंजिन बाद ठरवलंय."

"काय तपासलं?"

"दोनदा प्लग बदलला."

"वा! ताप आला म्हणून दोनदा टोपी बदलली. आणि तुम्ही भावोजी, तीस वर्षं पंपावर. तुम्ही काय पाहिलंत?"

"मी पाहिलं की सुरू होत नाही."

"हे तर मांजरालाही दिसतंय." खरंच एक मांजर समोर बसलं होतं.

मग तो उठला. मशीन जमिनीवर ठेवलं, सायलेन्सरच्या तोंडाशी वाकून वास घेतला आणि मला म्हणाला, "ओढा दोरी." मी दोरी ओढली. त्याने सायलेन्सरच्या तोंडावर अंगठा धरला होता. "परत." परत ओढली. "परत, जेवला नाहीत का?" पाच-सहा वेळा ओढल्यावर त्याने अंगठा काढला आणि वहिनीला म्हणाला, "बाई, इथे बोट ठेवा. काही लागतंय का?"

वहिनीने बोट ठेवलं. मी ओढली. "काही नाही लागत," ती म्हणाली.

"वारं लागायला हवं. फुंकर. हे इंजिन मेलेलं नाही, याचं नाक चोंदलंय. श्वास आत घेतंय, बाहेर सोडायला वाट नाही. जिवंत माणसाला तिरडीवर बांधलंय तुमच्या बाबूने, वर गुलालही लावलाय."

त्याने भिंतीवरचा एक पाना घेतला आणि सायलेन्सरच्या दोन बोल्टांपैकी पहिल्यावर बसवायला गेला. पाना बोल्टच्या डोक्यावर टकटक वाजला. बसेना. हात थरथरत होता. मी उगाच सायकलची घंटी पुसायला लागलो. कडूमामाने पाना खाली ठेवला आणि कडाडला, "बाई, बघत काय बसलात? तुमचं मशीन, तुमचा उतार, आणि कष्ट मी करू? धरा हा पाना! उलटा नाही, सुलटा! देवा, विळा धरायचाय का?"

वहिनीने पाना सुलटा धरला आणि बोल्ट काढले. ती दुपार आणि रविवारची सकाळ तिचेच हात चालत होते आणि त्याचं तोंड. सायलेन्सर काढला तर आत काजळीचा डांबरासारखा थर. इंजिनातून धूर बाहेर यायचं भोक, अंगठा जाईल एवढं असतं म्हणे, ते चोंदून मसुराच्या दाण्याएवढं झालेलं. कडूमामाने दोरी हळूच ओढायला लावून पिस्टन वर घेतला, म्हणजे भोक आतून बंद होतं आणि खरवडलेलं आत पडत नाही. मग वहिनीने स्क्रूड्रायव्हर उचलला.

"ठेवा तो! लोखंडाने खरवडाल तर पिस्टनला ओरखडे जातील. ठेकेदाराचा सत्कारच करा त्यापेक्षा." त्याने खणातून लाकडी फूटपट्टीचा तुटका तुकडा काढून दिला. "लाकडाने. दमाने. भांड्याला खाली लागलेलं काढता तसं, पण भांडं सासूचं आहे असं समजून."

वहिनी हसली. दोन दिवसांत मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. "सासूचं भांडं मी दमाने नव्हते घासत," ती म्हणाली. कडूमामाच्या तोंडाचा एक कोपरा जरा हलला. तो हसला असं मी म्हणणार नाही, शपथ घ्यावी लागेल.

सायलेन्सर शेगडीच्या निखाऱ्यांवर लालसर होईपर्यंत तापवला, आतली काजळी जाळली, गार झाल्यावर ठोकून झाडला, तर काळ्या खपल्यांचा ओंजळभर ढीग पडला. प्लग वाळवून घासला. टाकीतलं जुनं पेट्रोल ओतून टाकलं. सगळं करताना मला एकच काम होतं, दोरी ओढायची आणि शिव्या खायच्या. ते मी चोख केलं.

रविवारी दुपारी बारा वाजता सगळं जोडून तयार. वहिनीने मशीन बंद पडायच्या आधी स्टोअरमधून आणलेला पेट्रोलचा छोटा कॅन उघडला. आता नीट लक्ष द्या, कारण कडूमामाने दिलं. वहिनीने टाकीत पेट्रोल ओतलं. मग पिशवीतून तेलाची बाटली काढली, एक टोपण भरलं आणि टाकीत घातलं. ती झाकण शोधायला वळली. मी काय केलं? मी माझ्या खिशातली, पंपघरातून सवयीने बरोबर आणलेली लहान बाटली काढली आणि हळूच एक धार टाकीत सोडली. कुणाला सांगायची गोष्टच नव्हती ती. पहिल्या दिवसापासून मी हेच करत आलो होतो. वहिनी मशीन पंपघरात ठेवून घरी जायची, मी रोज एक धार सोडायचो. बिचारी गुडघ्यांच्या दुखण्यात विसरली तर? इंजिन मेलं तर?

कडूमामा उठला, कॅनमध्ये उरलेल्या पेट्रोलमध्ये बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, उजेडात धरलं. मग वास घेतला.

"बाई, या कॅनमध्ये तेल आधीच आहे."

"नाही हो, स्टोअरमधून आणलं तसंच आहे."

"म्हणजे तुमच्या बाबूने तिथेच घातलंय. त्यावर तुम्ही एक टोपण. आणि त्यावर आमच्या भावोजींनी..." इथे तो माझ्याकडे वळला. "भावोजी, ती बाटली खिशात घालू नका. मी पाहिलंय. काय होतं ते?"

"तेल," मी म्हणालो.

"किती दिवस?"

"पहिल्या दिवसापासून."

मी आयुष्यात पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत, पण त्या दुपारची चव वेगळी. ती सगळी इथे लिहिता येणार नाहीत, नातवंडं वाचतात. थोडक्यात सांगायचं तर एकाच बाळाला तीन आयांनी आळीपाळीने पाजलं आणि ते गुदमरल्यावर एकाच आईचा निष्काळजीपणा म्हणून चिठ्ठी लिहिली, असं त्याचं म्हणणं. "तिघंही एका आवारात काम करता! तिघांनाही तोंड आहे! एकाने दुसऱ्याला विचारलं असतं, 'का हो, तेल घातलंत का?' तर जीभ झिजली असती?"

वहिनी खाली बसली. "म्हणजे दादा, मी नाही बिघडवलं ते?"

"एक तृतीयांश बिघडवलंत," कडूमामा म्हणाला. "हिशोब चोख ठेवा. बाकीचे दोघे मोकळे फिरतायत."

टाकी परत रिकामी केली. या वेळी फक्त कॅनमधलं. वहिनीने स्वतः दोरी ओढली. दुसऱ्या झटक्याला इंजिनाने जी आरोळी दिली, की समोरचं मांजर थेट पत्र्यावर. धूर? अगरबत्तीएवढा. कडूमामा डोळे मिटून ऐकत होता. आवाज वर गेला, खाली आला, परत वर गेला. कुठेही अडखळ नाही. मग डोळे उघडून म्हणाला, "बंद करा. पेट्रोल फुकट येत नाही."

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती तरी बाजू घेईल. ती म्हणाली, "शाळेतल्या घड्याळाचं विसरलात वाटतं?" मी विसरलो नव्हतो. आमच्या शाळेत भिंतीवर चावीचं घड्याळ होतं. शिपाई सकाळी चावी द्यायचा. हेडमास्तरांचा त्याच्यावर विश्वास नव्हता, म्हणून ते दुपारी द्यायचे. आणि मी, शाळा सुटल्यावर, ते रात्री बंद पडू नये म्हणून बाकावर चढून. एक दिवस आतून 'टण्ण' असा आवाज आला. शिपायाला बोलणी बसली. मी मूग गिळून गप्प राहिलो. लग्नानंतर एकदा मी हे तिला मोठ्या मजेने सांगितलं होतं, ते तिने जपून ठेवलेलं. "तेव्हा गप्प बसलात," ती म्हणाली, "उद्या काय करणार?"

रविवारी अंधार पडेपर्यंत वहिनी उतारावर होती आणि सोमवारी सकाळी सातला परत हजर. साडेदहाला उतार असा दिसत होता, की जणू हजामत करून पावडर लावलेली. कडूमामा आला होता. शेड सोडून तो कुठे जात नसे, पण आला आणि टाकीच्या पायरीवर हात काखेत घालून बसला. "पाणी कसं काढतात ते बघायला आलोय," म्हणाला. "इतके दिवस प्यायलो, हे भावोजी पाठवतात हे माहीत असूनही."

अकराला साहेब आले. मागे किल्ल्यांचा खुळखुळाट, म्हणजे स्टोअरबाबू, हातात फाइल. साहेबांनी उतार पाहिला, मशीन पाहिलं, आणि म्हणाले, "अरे, हे चालू झालं?"

"झालं असेल," स्टोअरबाबू म्हणाला. "पण साहेब, बिघडवलं होतं तिनेच. सहा महिन्यांत परत बिघडवेल. चिठ्ठी आहे."

साहेबांनी फाइल उघडली. वहिनीने मशीनचा पट्टा घट्ट धरला होता. माझ्या बुटाच्या नाडीत त्या दिवशी एवढं बघण्यासारखं काय होतं, कोण जाणे.

"बाबू," पायरीवरून आवाज आला, "पेट्रोलमध्ये तेल कोण घालतं?"

"तुम्ही कोण?"

"मी पंपवाल्याचा मेहुणा. माझं दुर्दैव. तेल कोण घालतं?"

स्टोअरबाबू ताठ झाला. "मी घालतो. स्वतःच्या हाताने. कॅन भरतानाच, मोजून. आजपर्यंत एकदाही चुकलेलं नाही."

"आणि हे कुणाला सांगितलंत?"

"कुणी विचारलं नाही."

"मला काय माहीत!" वहिनी म्हणाली. "साहेब, मी पण टाकीत घालत होते. एक टोपण, दर वेळी. तो कंपनीवाला म्हणाला होता ना, विसरू नका!"

"बघा!" स्टोअरबाबूने बोट नाचवलं. "दुप्पट तेल! कबूल केलं! मी लिहिलं तेच."

साहेबांनी पेन काढलं. कडूमामा माझ्याकडे बघत होता. तोंडातून शब्द नाही. त्या माणसाची मी इतकी वर्षं बोलणी खाल्ली, पण ते न बोलणं मला सोसेना. दोन वर्षं उरली होती निवृत्तीला. बायकोचा आवाज, घड्याळाचा तो टण्ण, सगळं एकदम कानात.

"साहेब, तिसरं माझं," मी म्हणालो.

"काय तिसरं?"

"तेल. रोज संध्याकाळी एक धार. मशीन पंपघरात असायचं. बाईंना हे माहीतही नव्हतं. इंजिन चोंदलं त्यात माझा वाटा त्यांच्यापेक्षा मोठाच असेल. मी मोजून घालत नव्हतो." खिशातली बाटली काढून मी साहेबांच्या हातात दिली. "आणि बाबूंच्या कॅनवर एक अक्षर लिहिलेलं नाही. बघा हवं तर."

साहेबांनी कॅन मागवला. फिरवून फिरवून पाहिला. कोरा. मग ते एकदा माझ्याकडे, एकदा स्टोअरबाबूकडे, एकदा वहिनीकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी चिठ्ठीवरचा 'वापरणाऱ्याचा' हा शब्द खोडला आणि वर लिहिलं, 'सगळ्यांचा'. "निष्काळजीपणा सगळ्यांचा असेल तर एकटीला कसं काढू? काढायचं तर तिघांना काढावं लागेल. मग पाणी कोण सोडणार आणि स्टोअर कोण उघडणार?" आणि फाइलमधला तिचा कागद काढून त्यावर सही केली. पुढच्या वर्षाची. ठेकेदाराचा अर्ज फाइलच्या तळाशी गेला.

साहेब गेल्यावर वहिनी कडूमामापाशी आली. डोळ्यांत पाणी. "भाऊ, तुमचे उपकार..."

"पुरे," तो म्हणाला. "उताराच्या त्या कोपऱ्यात गवत राहिलंय, ते कापा आधी. साहेब आंधळा आहे म्हणून वाचलात."

खरंच एक मूठभर राहिलं होतं. ती गेली आणि कापून आली.

मग कडूमामाने स्टोअरबाबूकडून तोच लाल रंगाचा डबा मागितला. चिठ्ठीशिवाय! आणि बाबूने दिला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. कडूमामाने ब्रश हातात घेतला, ब्रशच्या टोकाकडे एकदा पाहिलं आणि तो वहिनीच्या हातात दिला. "लिहा, मी सांगतो."

तो कॅन पुढे मी निवृत्त होईपर्यंत स्टोअरच्या दारात होता. येणारा प्रत्येक जण थांबून वाचायचा आणि मग पंपघराकडे बघून हसायचा. त्यावर ठळक लाल अक्षरांत लिहिलेलं होतं : तेल घातलेलं आहे. आणखी कुणी घालू नये. पंपवाल्याने तर जवळही येऊ नये.